नळाच्या पाण्याला भेटायला: इंदिरानगर ते रंगनथिट्टू, एका दिवसात

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी घरात गावाकडून पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो, "म्हैसूर एका दिवसात होईल ना?"

होईल की! गाडी ठरवली तर यादीही तयार मिळते. वाटेत श्रीरंगपट्टण, मग चामुंडी टेकडी, राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चर्च, सिल्कच्या साड्यांचं दुकान आणि संध्याकाळी वृंदावन गार्डनची कारंजी. सात ठिकाणं, एक दिवस. आता जरा हिशोब मांडून बघा. इंदिरानगर शहराच्या पूर्वेला आणि म्हैसूर रस्ता दुसऱ्या टोकाला, म्हणजे आधी अख्खं शहर पार करायचं. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत. दीड-दोन तास खाण्यापिण्यात. चौदा तासांचा दिवस धरला तरी हातात उरतात जेमतेम पाच-सहा तास. ते सात ठिकाणांत वाटले, त्यातून पार्किंग आणि तिकिटाची रांग वजा केली, की प्रत्येक जागेच्या वाट्याला येतो अर्धा तास. फोटो निघतात, पण घरातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात लहान माणसं बहुतेक वेळ गाडीतच बसलेली असतात.

आमच्याकडे सांगलीहून येणाऱ्यांत चौऱ्याहत्तर वर्षांची आजी असते. तिचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी आहे. सोबत ताईचा सात वर्षांचा मुलगा असतो. त्याचे गुडघे ठणठणीत आहेत, पण तो एका जागी दहा मिनिटं बसत नाही. या दोघांना एकाच दिवसात एकाच जागी खूश करायचं असेल तर सात ठिकाणांची यादी उपयोगाची नाही. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही एकच ठिकाण ठरवलं, आणि तेही पाण्याकाठचं: श्रीरंगपट्टणाजवळचं रंगनथिट्टू पक्षी अभयारण्य. तुम्हीही बंगळुरूत असाल किंवा सुट्टीत येणार असाल, तर हा बेत तुमच्या घरालाही जमेल. कसा, ते सांगते.

हेच पाणी का?

बंगळुरूला मोठी नदी नाही. केंपेगौडांनी १५३७ मध्ये शहर वसवलं तेव्हापासून तहान भागवली ती तळ्यांनी. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात. यातली बहुतेक तळी माणसांनी बांध घालून केलेली. शहर वाढलं तसं पाणी लांबून आणावं लागलं. आधी अर्कावती नदीवर हेसरघट्टा, मग १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी, आणि १९७४ पासून कावेरी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला.

कावेरी शहरापासून साधारण १०० किलोमीटरवर आहे आणि शहरापेक्षा खूप खाली वाहते. मुंबईला तानसा-वैतरण्याचं पाणी उताराने येतं. इथे उलटं आहे. पाणी तीन ठिकाणी पंप करून सुमारे ५०० मीटर वर चढवावं लागतं. सात कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर जेवढी उंची होईल, साधारण तेवढी!

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूच्या बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव चढले, तेव्हा आमच्या इमारतीतही पाण्याच्या वेळा ठरल्या. भाचा तेव्हा सुट्टीला आलेला होता. त्याने सरळ विचारलं, "मावशी, नळात पाणी कुठून येतं?" मी म्हटलं, कावेरीतून. "म्हणजे कुठून?" याचं उत्तर मोबाइलवर नकाशा दाखवून देता येतं, पण मुलाला त्यातून काही कळत नाही. कृष्णराजसागर धरणातून सुटलेलं पाणी रंगनथिट्टूच्या बेटांमधून वाहतं, श्रीरंगपट्टणाला वळसा घालतं आणि पुढे शिवनसमुद्राच्या अलीकडे त्यातला एक वाटा बंगळुरूकडे वळतो. म्हणजे रंगनथिट्टूला जाणं म्हणजे आपल्या नळाच्या पाण्याला त्याच्या गावी जाऊन भेटणं. पोराला हे लगेच पटलं.

आधी हलसूरला रंगीत तालीम

पक्षी बघायला पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलांची एक अडचण असते. त्यांना सगळे पक्षी 'बगळे'च वाटतात आणि दहा मिनिटांत कंटाळा येतो. त्यावर सोपा उपाय आहे. सहलीच्या दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी हलसूर तळ्यावर एक चक्कर मारा. इंदिरानगरहून मेट्रोने एकच स्टेशन. तळ्यात छोटी बेटं आहेत, काठावर झाडी आहे, आणि पाणकावळे, बगळे, घारी तर हमखास दिसतात. नशीब असेल तर झोळीवाला म्हणजे पेलिकनही दिसतो.

मुलांना एवढंच सांगा, पाच वेगवेगळ्या चोची शोध. नाव नाही कळलं तरी चालेल, चोच कशी आहे ते वहीत काढ. दुर्बीण असेल तर ती कशी धरायची, फोकस कसा करायचा, हेही इथेच शिकवा. नावेत शिकवायला वेळ नसतो. आजी-आजोबांना किती चालवतं, दर किती वेळाने बसावं लागतं, याचाही अंदाज याच फेरीत येतो आणि सहलीचं वेळापत्रक त्यावर ठरवता येतं.

पहाटेचं गणित

इंदिरानगर ते रंगनथिट्टू अंतर साधारण १३० किलोमीटर. बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्ग २०२३ च्या मार्चमध्ये खुला झाल्यापासून केंगेरीनंतरचा प्रवास झपाट्याने होतो. खरी परीक्षा त्याच्या आधीची, शहरातली. पहाटे साडेपाचला निघालात तर शहर तासाभराच्या आत मागे पडतं. साडेसातला निघालात तर तेवढ्याच अंतराला दुप्पट वेळ लागू शकतो. त्यामुळे रात्रीच बॅगा भरून ठेवा आणि मुलांना झोपेतच गाडीत घाला. नाश्ता घरी करत बसू नका.

नाश्ता कुठे करायचा? जुन्या म्हैसूर रस्त्याची मजाच खाण्यात होती. बिडदीची तट्टे इडली म्हणजे ताटलीएवढी, मऊ, वर लोण्याचा गोळा. मद्दूरचा वडा म्हणजे कांदा घातलेला, चपटा, कुरकुरीत. पण नवा महामार्ग ही गावं टाळून बाहेरून जातो. सरळ मुख्य मार्गिकेवर राहिलात तर इडलीही गेली आणि वडाही गेला. म्हणून बिडदीला मुख्य रस्ता सोडून सर्व्हिस रोडने गावात शिरा, खा आणि पुन्हा महामार्ग पकडा. यात अर्धा-पाऊण तास जातो, पण मोठ्यांची औषधं आणि मुलांचं पोट दोन्ही वेळेवर होतं.

पुढे रामनगरचे मोठमोठे कातळ दिसायला लागले की बाबांच्या पिढीतल्या कुणालातरी गाडीत खिडकीजवळ बसवा. १९७५ च्या 'शोले'चं रामगढ इथेच उभारलं होतं. त्यानंतर चन्नपट्टण, लाखेच्या रंगांतल्या लाकडी खेळण्यांचं गाव. खेळणी परतीच्या वाटेवर घ्या. जाताना घेतलीत तर पोरगं पक्ष्यांकडे बघणार नाही.

एक महत्त्वाची गोष्ट: या महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर दुचाकी आणि रिक्षांना २०२३ च्या ऑगस्टपासून बंदी आहे. बाइकवरून जाणाऱ्यांना सर्व्हिस रोडनेच जावं लागतं. वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि कॅमेरे आहेत.

गाडी नसेल तर रेल्वेचाही पर्याय आहे. इंदिरानगरहून पर्पल लाइनने मॅजेस्टिकला उतरा, तिथून बंगळुरू-म्हैसूर मार्गावरची, श्रीरंगपट्टणाला थांबणारी गाडी पकडा. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, हे आधी बघून घ्या. स्टेशनवरून रिक्षाने अभयारण्य जवळच आहे. परतीसाठी त्याच रिक्षावाल्या अण्णांशी आधीच ठरवून ठेवलं तर बरं. रविवारी मेट्रो रोजच्यापेक्षा उशिरा सुरू होते, म्हणून रेल्वेने जाणार असाल तर रविवार नको.

नदीतली बेटं

'तिट्टु' म्हणजे नदीतलं छोटं बेट. रंगनथिट्टूची बेटं मुळात माणसाच्या हातून झाली. म्हैसूरचे राजे कंठीरव नरसराज वडियार यांनी १६४५ ते १६४८ च्या दरम्यान कावेरीवर बंधारा बांधला. पाणी अडलं, पसरलं आणि उंच जागा बेटं होऊन राहिल्या. चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे मांजर, कुत्रा, माणूस कुणीच सहज पोचत नाही. पक्ष्यांना घरट्यासाठी याहून चांगली जागा कोणती? पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी हे पाहिलं आणि म्हैसूरच्या महाराजांना पटवलं. १९४० मध्ये हे अभयारण्य झालं. क्षेत्रफळ जेमतेम ४० एकर. आणि २०२२ मध्ये रंगनथिट्टूला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कर्नाटकातलं हे पहिलंच रामसर स्थळ.

नाशिककर वाचकांना हे ओळखीचं वाटेल. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ असलेलं नांदूरमधमेश्वरही असंच गोदावरी-कादवा संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालं. दोन्हीकडे माणसाने शेतीसाठी पाणी अडवलं आणि पक्ष्यांनी तिथे संसार मांडला.

आत शिरल्यावर आधी नावेची चौकशी करा. वनविभागाच्या नावा आहेत. सगळ्यांसोबतची छोटी फेरी असते, आणि फोटो काढणाऱ्यांसाठी जास्त वेळाची वेगळी नाव घेता येते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर छोटी फेरीच पुरेशी आहे. सकाळी नऊच्या आसपास गेलात तर ऊन कोवळं असतं, पक्षी हालचाल करत असतात आणि रांगही कमी असते. आजीला नावेत चढवताना आम्ही तिला आधी मधल्या फळीवर बसवलं आणि मगच बाकीचे चढलो. नाव हलायची थांबेपर्यंत नावाडीही थांबला. घाई करू नका, एवढंच सांगायचं.

नाव बेटाच्या जवळ गेली की पहिल्यांदा कळतो तो आवाज आणि वास. झाडांवर इतके पक्षी की फांदीला पानं किती आणि पक्षी किती, हे सांगता येत नाही. आणि मग हलसूरला शिकलेला चोचींचा खेळ कामाला येतो. भाचा चोच दाखवत होता आणि आजी स्वयंपाकघरातलं नाव देत होती.

चमचा पक्ष्याची चोच म्हणजे उघडउघड पळी. तो ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि जे लागेल ते टिपतो. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये फट असते, मिटली तरी पूर्ण मिटत नाही. आजी म्हणाली, "हा अडकित्ता." बरोबरच आहे की! तो शिंपल्यातल्या गोगलगायी खातो, आणि गुळगुळीत शंख पकडायला ही चोच चांगली. चित्रबलाक म्हणजे सांडशी. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून ठेवतो आणि मासा नुसता लागला की खटकन मिटतो, डोळ्यांनी बघायची गरजच नाही. त्याच्या शेपटीजवळची गुलाबी पिसं जवळून फार सुंदर दिसतात. सापासारखी मान असलेला तिरंदाज म्हणजे दाभण, सरळ माशाला भोसकतो. झोळीवाल्याची तर नावातच झोळी. आणि पाणकावळा दगडावर पंख पसरून उभा असतो, कारण त्याची पिसं भिजतात आणि वाळवावी लागतात. "म्हणजे ह्याने आपलं धुणं अंगावरच वाळत घातलंय," आजीचं पुढचं वाक्य.

त्या दोघांचं हे पाऊण तास चाललं, नावेत आणि नंतर काठावरच्या बाकावर. आमच्यापैकी कुणाच्याही मोबाइलपेक्षा त्यांचा वेळ चांगला गेला. जानेवारीत काही जोड्या काटक्या आणून घरटी बांधत होत्या. झाडांवर वटवाघळं लटकलेली होती. त्यांच्याकडे बघून आजीने मात्र तोंड फिरवलं.

मगर आणि आपण

रंगनथिट्टूच्या खडकांवर मगरी असतात, आणि भरपूर असतात. कन्नडमध्ये मगरीला 'मोसळे' म्हणतात. नावाडी "मोसळे, मोसळे" म्हणायला लागले की समजून जा. तोंड उघडं टाकून पडलेली मगर चिडलेली नसते, ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. पण म्हणून तिच्याशी लाडात यायचं नाही. हात पाण्यात घालायचा नाही, नावेत उभं राहायचं नाही, मुलाला कडेला वाकू द्यायचं नाही, लाइफ जॅकेटचा पट्टा सैल ठेवायचा नाही. मुलांना हे नावेत चढल्यावर न सांगता आदल्या रात्री घरीच सांगा. कारण कळलं की ती नियम मोठ्यांपेक्षा जास्त पाळतात.

खाण्याचे डबे काठावरही उघडे ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिप्सची पाकिटं गाडीतच राहू द्या. आणि आवाज खाली ठेवा. घरट्यावरचा पक्षी दचकून उडाला तर तेवढ्या वेळात अंडी किंवा पिल्लू उघडं पडतं. आपल्याला एक चांगला फोटो मिळतो, पण त्याची किंमत पिल्लू देतं.

नाव झाल्यावर लगेच निघू नका. काठाची वाट बरीचशी सपाट आहे, सावली आहे, बसायला जागा आहे. नावेत न बसणाऱ्यांनाही इथून पुष्कळ दिसतं. आमचे बाबा नावेपेक्षा इथेच रमले. धरणाकडून वाहत येणाऱ्या पाण्याकडे बघत त्यांनी भाच्याला सांगितलं, "हेच चाललंय बघ तुझ्या मावशीकडे." त्याने मान हलवली आणि दोन मिनिटं शांत बसला. ही एकदम दुर्मीळ घटना होती.

दुपारी कुठे?

साडेअकराच्या आसपास ऊन वाढतं, पक्षीही सुस्तावतात. मग श्रीरंगपट्टण गाठा. काही किलोमीटरवरच आहे. गाव कावेरीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर वसलेलं. रंगनाथस्वामींचं मंदिर किंवा टिपूचा १७८४ सालचा दर्या दौलत बाग महाल, यातलं एकच घ्या. इतिहासाची आवड असेल तर लक्षात ठेवा, १७९२ मध्ये इंग्रज आणि निजामासोबत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही याच किल्ल्यासमोर होत्या. सांगलीच्या माणसांना पटवर्धनांचं नाव काढलं की पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही.

संगमाकडे गेलात तर पाण्यात उतरायचा मोह होईल. उतरू नका, विशेषतः मुलांना घेऊन. वर धरण आहे. विसर्ग वाढला की पाणी आणि ओढ दोन्ही वाढतात, आणि वरून शांत दिसणारी नदी खाली तशी नसते.

आता वृंदावन गार्डन. घरचे विचारणारच, इतक्या जवळ आलोय तर कारंजी बघून जाऊ ना? कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याची ही बाग देखणी आहे, पण कारंज्यांचा खेळ अंधार पडल्यावर असतो. तो बघून निघालात तर इंदिरानगरला पोचायला रात्रीचे अकरा होतात. म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं असतील तर ती बाग वेगळ्या मुक्कामी सहलीसाठी राखून ठेवा. धरणाची गोष्ट मात्र गाडीत सांगा. १९११ मध्ये काम सुरू झालं तेव्हा म्हैसूरचे मुख्य अभियंता होते एम. विश्वेश्वरय्या. ते शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, नोकरीची सुरुवात केली मुंबई इलाख्यात, आणि आपोआप उघडणाऱ्या त्यांच्या दारांचा पहिला प्रयोग झाला तो खडकवासल्याला, १९०३ मध्ये. म्हणजे पुण्याचं पाणी आणि बंगळुरूचं पाणी यांच्यात एका माणसाचा दुवा आहे.

दुपारी अडीच-तीनला परत निघा. चन्नपट्टणला खेळणी, मद्दूरला वडा-कॉफी, आणि संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत केंगेरी पार. सहा-साडेसहाला घरी.

कधी जावं, कधी नको

डिसेंबर ते मार्च हा सगळ्यात चांगला काळ. थंडी सुखाची असते, पाहुणे पक्षीही येतात आणि घरटी सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये पिल्लं दिसतात, पण ऊन सोसायची तयारी हवी.

जून ते सप्टेंबरमध्ये मात्र आधी चौकशी केल्याशिवाय निघू नका. कृष्णराजसागर भरलं की पाणी सोडतात आणि रंगनथिट्टूची नावसफर बंद होते. मोठ्या पुरात बेटंच पाण्याखाली जातात, माती वाहून जाते. वनविभागाला मातीच्या गोण्या रचून बेटं सावरावी लागली आहेत. आपण सहल पुढे ढकलतो, पक्ष्यांना तशी सोय नाही.

उलट पाऊस कमी झालेल्या वर्षी बातम्यांवर लक्ष ठेवा. कावेरीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि तमिळनाडूचा वाद जुना आहे. तो पेटला की मंड्या भागात आंदोलनं होतात आणि हा महामार्ग अडतो, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये झालं तसं. अशा वेळी अडकून पडलेल्या प्रवाशाला राग येतो, ते समजण्यासारखं आहे. पण या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जो ऊस आणि भात दिसतो, तोही याच पाण्यावर उभा असतो. शेतकरी, पक्षी, खालच्या अंगाचं तमिळनाडू आणि वर चढवलेल्या पाण्यावर जगणारे आपण, सगळ्यांची कावेरी एकच. मुलांना हे कळायला पुस्तक नको, गाडीच्या खिडकीतून दिसतं.

नाव जमत नसेल तर

घरात कुणाला पाण्याची भीती असेल किंवा नावेत चढणं शक्यच नसेल, तर याच रस्त्यावर मद्दूरच्या अलीकडे आत वळून कोक्करे बेल्लूर नावाचं गाव आहे. इथे झोळीवाले आणि चित्रबलाक चक्क गावातल्या चिंचेच्या झाडांवर, घरांच्या डोक्यावर घरटी करतात. गावकरी त्यांना बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी मानतात. आपल्या माहेरवाशिणीसारख्याच! डिसेंबरनंतर उन्हाळ्यापर्यंत जा आणि माहेरच्या घरी जातो तसं जा: हळू बोलत, दारात गाडी न लावता, गावातल्या दुकानातून काहीतरी विकत घेत.

निघण्यापूर्वी

- अभयारण्य उघडं आहे का आणि नावा सुरू आहेत का, ते आदल्या दिवशी विचारा. वेळा आणि तिकिटाचे दर बदलत असतात.
- शक्य असेल तर कामाचा दिवस घ्या. शनिवार-रविवारी नावेची रांग लांब असते.
- टोप्या, दुर्बीण, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, आजी-आजोबांची औषधं, बसायला एक घडीची खुर्ची.
- कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे. भडक लाल-पिवळे नकोत.
- फास्टॅगमध्ये पैसे, आणि थोडी रोख रक्कम जवळ.
- मुलांसाठी वही-पेन्सिल. घरी येईपर्यंत पाच चोचींची चित्रं झाली पाहिजेत.

त्या दिवसानंतर भाच्याने सांगलीच्या घरातही एक नवी चौकशी सुरू केली आहे. तिथल्या नळाला कृष्णेचं पाणी येतं हे त्याला कळलंय, आणि आता त्याला त्या पाण्यातले पक्षी बघायचे आहेत. तुमच्या नळाचं पाणी कुठलं? ते शोधा. ते गाव एका दिवसाच्या अंतरावर असेल, तर पुढच्या सुट्टीचा बेत तिथूनच सुरू करा. सोबत आजीलाही न्या.